आठवड्याचा स्वयंपाक एआयकडून आखून घेताना

चॅटजीपीटी घ्या, जेमिनी घ्या, नाहीतर क्लॉड, म्हणजे विचारलं की उत्तर लिहून देणारं कुठलंही एआय अ‍ॅप. ‘चार माणसांचा आठवड्याचा मेनू दे’ एवढंच म्हटलं की सकाळी ओट्स, दुपारी राजमा-चावल, रात्री पनीर असा कागद हातात पडतो. मराठीत विचारलं तर पोहे आणि उपमा येतात, पनीर मात्र हटत नाही. घरात काय खातात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, मग तो तरी काय करणार? मुळात ‘काय करू’ हा प्रश्न त्याला विचारायचाच नाही. घरातल्या पंचवीस-तीस भाज्या तुम्हाला पाठ असतात. त्या कुठल्या क्रमाने लावायच्या, सामान किती लागेल आणि आदल्या दिवशी काय भिजत घालायचं, हा हिशेब त्याच्याकडून करून घ्यायचा.

त्यासाठी घराची माहिती एकदाच नीट लिहून फोनमध्ये ठेवा. साधारण अशी:

‘घरात चार जण. आजी (वय ७२, चावायला त्रास, तिखट कमी), आई, बाबा, मुलगा (वय ९). पोळ्या दुपारी आणि रात्री अशा: आजी २ आणि १, आई ३ आणि २, बाबा ४ आणि ३, मुलगा २ आणि २. तीन डबे सकाळी ७:४५ला निघतात, डब्यात रस्सा नको. दोन शेगड्या, ५ लिटरचा कुकर, मिक्सर. ओव्हन नाही. बाजार रविवारी आणि बुधवारी. वाटी म्हणजे १५० मिली. खाली दिलेल्या यादीबाहेरची भाजी सुचवू नकोस.’

खाली तुमच्या भाज्यांची यादी. नावं लिहिताना थोडी काळजी घ्या. ‘चवळी’ म्हटलं की पालेभाजी, शेंगा की कडधान्य हे त्याला कळत नाही. ‘मेथी’ची पानं की दाणे, ‘पोहे’ जाडे की पातळ, हेही लिहा. दोडका आणि शिराळं एकच, हे सांगितलं नाही तर दोन्ही यादीत येतात आणि सोमवारी दोडका, मंगळवारी शिराळं अशी गंमत होते. फ्रिजचा फोटो पाठवून ‘यातून काय करता येईल’ असं विचारता येतं, पण पिशवीत बांधलेली मेथी आणि कोथिंबीर त्याला नेहमीच वेगळी ओळखता येत नाही. शिवाय किती उरलंय हे फोटोत दिसत नाही. तोंडी सांगितलेलं बरं.

ही माहिती दर आठवड्याला नव्या चॅटमध्ये चिकटवा. जुनंच चॅट महिनाभर ओढत नेलं की सुरुवातीच्या सूचना मागे पडतात आणि एक दिवस आजींच्या ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा येतो.

वाटीचं माप दिलंच पाहिजे. दिलं नाही तर तो बहुतेक वेळा २४० मिलीचा अमेरिकन कप धरतो. आपली आमटीची वाटी दीडशेच्या आसपास असते. एक कप तूरडाळ म्हणजे तुमच्या वाटीने दीडपटीहून जास्त, आणि मग वरण दोन दिवस संपत नाही. चार जणांच्या वरणाला एक वाटी डाळ, म्हणजे साधारण १२५ ग्रॅम, भरपूर होते.

कणकेचा हिशेब त्याला पायरीपायरीने मांडायला लावा, नुसता आकडा मागू नका. वरच्या घरात दिवसाला दुपारच्या ११ आणि रात्रीच्या ८ मिळून १९ पोळ्या. एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर रोज ५७० ग्रॅम, आठवड्याला ४ किलोला १० ग्रॅम कमी. दोन रात्री भाकरी केली तर १६ पोळ्या वाचतात, ४८० ग्रॅम कमी होतात, साडेतीन किलोत भागतं. ‘चार माणसांना आठवड्याची कणीक किती’ असं मोघम विचारलं की तो दोन किलोही सांगतो आणि सहाही. प्रत्येक आकड्यामागची बेरीज-गुणाकार दिसला तर चूक लगेच सापडते. निवडून वाया जाणाऱ्या मालाचंही तसंच. मटाराच्या १ किलो शेंगांतून निम्म्याहून कमी दाणे निघतात, मेथीची जुडी निवडून जवळपास अर्धी होते. ‘बाजारातलं वजन लिही, निवडलेलं नको’ असं स्पष्ट सांगा.

क्रमाला बाजाराच्या दिवसाशी बांधा. बाजारानंतरचे पहिले दोन दिवस पालेभाजी, मग भेंडी, गवार, वांगी, आणि शेवटी कोबी, दुधी, लाल भोपळा, बटाटा किंवा कडधान्य. हा नियम दिला नाही तर रविवारी आणलेला पालक बुधवारी लागतो आणि तोवर त्याचा चिखल झालेला असतो. पावसाळ्यात पालेभाज्या अर्ध्या कराव्यात, ओल्या येतात आणि एका रात्रीत सडतात.

आता आदल्या दिवसाची कामं. एआय इथे जितका उपयोगी तितकाच दगाबाज. त्याच्या पहिल्या तक्त्यात हमखास असं असतं: ‘मंगळवार रात्र: मटकी भिजवा. बुधवार सकाळ: मटकीची उसळ, डबा.’ भिजलेली मटकी मिळेल, मोड मिळणार नाहीत. मटकीला ८ ते १० तास भिजायला आणि मग फडक्यात बांधून १० ते १२ तास मोड यायला लागतात, थंडीत त्याहून जास्त. म्हणजे बुधवारच्या डब्यासाठी सोमवारी रात्री भिजत, मंगळवारी सकाळी उपसून बांधायची. त्याला असं लिहा:

‘प्रत्येक पदार्थासाठी खाण्याच्या वेळेपासून उलट मोज. मटकी: भिजवणं १० तास, मोड १२ तास, थंडीत मोडांना २४. इडलीचं पीठ: भिजवणं ६ तास, आंबणं १०, थंडीत १४. दही: रात्री १० ला विरजण. साबुदाणा: आदल्या रात्री. हे सगळं “आदली कामं” या वेगळ्या रकान्यात, दिवस आणि वेळ घालून दे.’

असं लिहिल्यावर रविवारी सकाळच्या इडलीसाठी तांदूळ-उडीद शनिवारी दुपारी भिजवायचे, संध्याकाळी वाटायचे, हे तो बरोबर काढतो. एवढा एक रकाना नीट आला तर बाकीच्या तक्त्यातल्या चुका माफ करता येतात. साबुदाण्याची कृती मात्र त्याच्याकडून घेऊ नका. भरपूर पाण्यात भिजवायला सांगतो आणि खिचडीचा गोळा होतो. धुऊन निथळून, पाणी साबुदाण्याच्या जेमतेम पातळीला, आणि झाकण.

कुकरचंही सांगावं लागतं. तो डाळ वेगळी शिजवतो, भात वेगळा, बटाटे वेगळे, आणि एका सकाळचे दीड तास करतो. ‘कुकर एकदाच लागेल: खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे’ हे वाक्य घराच्या माहितीतच टाकून द्या.

उपवासाच्या तारखा त्याला विचारूच नका, कालनिर्णयमध्ये पाहून तुम्ही द्या. तिथी तो आत्मविश्वासाने चुकवतो. त्यातच उत्तरेचं पंचांग पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपतो), आपलं अमान्त (महिना अमावास्येला संपतो), त्यामुळे उत्तरेचा श्रावण आपल्यापेक्षा साधारण १५ दिवस आधी लागतो आणि तुमचा सोमवारचा उपवास आषाढातच सुरू होतो. उपवासाला काय चालतं तेही उत्तरेचंच येतं: कुट्टूचं पीठ, शिंगाड्याची पुरी, सैंधव. आपली भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, राजगिरा, हे लिहून द्या. जिरं, कोथिंबीर घरागणिक बदलतात, तीही लिहा. संकष्टी आणि एकादशीतला फरक सांगितला पाहिजे. संकष्टीला चंद्रोदयानंतर पूर्ण जेवण असतं, म्हणून त्या रात्रीचा स्वयंपाक उशिरा आणि मोठा. एकादशीला रात्रीही फराळच, उपवास दुसऱ्या दिवशी सुटतो. न सांगितल्यास दोन्हीकडे ‘रात्री साबुदाणा वडे’.

मासे खाणाऱ्या घरांनी आणखी एक ओळ घालावी. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ताजा पापलेट त्या दोन महिन्यांत मिळालाच तर महाग किंवा बर्फातला. ‘जून-जुलैत सुकट, सुके बोंबील, अंडी’ असं सांगितलं की तक्ता जमिनीवर येतो.

एक सवय त्याची मोडून काढाच: रविवारी भात शिजवून गुरुवारपर्यंत वापरायचा. शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि काहींचं विष पुन्हा तापवूनही जात नाही, फोडणी दिली म्हणून तो सुरक्षित होत नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात, त्यापुढे नाही. आणि घरात मधुमेह, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करण्याचं औषध असेल तर डॉक्टरांनी दिलेला आहार एआयला चिकटवा, त्याच्याकडून नवा मागू नका. ‘कमी सोडियमचं मीठ’ तो सहज सुचवतो. अशा बऱ्याच मिठांत पोटॅशियम असतं आणि किडनीच्या रुग्णाला ते महागात पडू शकतं.

तक्ता आल्यावर लगेच मान्य करू नका. तीन गोष्टी विचारा: कुठला पदार्थ लागोपाठ दोन दिवस आलाय, कुठली भाजी आणून वापरलीच नाही, आणि कुठल्या सकाळी दोन शेगड्यांवर ७:४५ गाठता येणार नाही. तिसऱ्या प्रश्नात बहुतेक वेळा भरली वांगी सापडतात. ती रविवारी हलवा.

सामानाची यादी भाजीवाला, वाणी आणि दूध-दही अशी तीन भागांत मागा. भाव मागू नका, ते खरे नसतात.

स्वयंपाकाला ताई येत असतील तर त्यांच्यासाठी वेगळा कागद काढून घ्या: मोठी अक्षरं, एका दिवसाला चारच ओळी, पोळ्यांचा आकडा आणि वाट्यांचं माप. ग्रॅम नकोत, ओट्यावर वजनकाटा नसतो. पदार्थाखाली कृती नको, ती त्यांना एआयपेक्षा चांगली येते. ‘मुलाचा डबा आधी काढा, मग तिखट घाला’ एवढी सूचना पुरते.