भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग: या चुका टाळा

जखमेवर ठेवायची चांदीची शीट सलाईनने (मिठाच्या पाण्याने) भिजवू नका. प्रत्येक नव्या बॅचला हे सांगून माझा घसा बसतो. ओलावा मिळाला की नॅनोक्रिस्टलाइन (चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या) शीटमधून चांदीचे आयन सुटतात आणि जंतू मारतात. सलाईनमधलं क्लोराइड त्याच आयनांना धरून बसतं, मग चांदी निकामी होते. भिजवायला स्टराइल वॉटरच (निर्जंतुक पाणीच) हवं.

उकळत्या चहाने मांडी भाजलेल्या एका बाईंच्या घरच्यांनी ही शीट पदरच्या पैशांनी बाहेरून आणली. घाईतल्या इंटर्नने ट्रॉलीवरची सलाईनची बाटली शीटवर रिकामी केली. वर दुसऱ्या दिवशी "बघू या जरा" म्हणून डॉक्टर साहेबांनी पट्टी सोडली. शीट तीन दिवस न उघडता ठेवायची होती! चिकटलेली नवी त्वचा निघाली, बाई कळवळल्या आणि शीट कचऱ्यात गेली. तेव्हापासून चांदीचं ड्रेसिंग असलं की मी सलाईन ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवते आणि बँडेजवर मार्करने उघडायची तारीख लिहिते. ताप, दुर्गंधी, वाढती लाली किंवा वेदना, वरपर्यंत भिजलेली पट्टी यांपैकी काही दिसलं तर मात्र तारखेची वाट बघायची नाही.

शीटखाली व्हॅसलीन किंवा मलम नको.

सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम १९६० च्या दशकापासून वापरात आहे, म्हणून ते डोळे मिटून फासायचं का? कालच्या थरावर आजचा थर देणं हा तर निव्वळ आळस. जुनं मलम पूर्ण धुवा (इथे सलाईन चालेल), मग नवं लावा. त्याचा पिवळट साका पू समजून खरवडू नका. रुग्णाला बर्न्स सेंटरला पाठवायचं असेल तर मलम लावूच नका, जखम किती खोल आहे ते तिथल्या डॉक्टरांना दिसत नाही. सल्फाची ॲलर्जी, दोन महिन्यांखालचं बाळ, गरोदरपणाचे शेवटचे दिवस: हे मलम वर्ज्य. वरवरच्या छोट्या जखमेला तर चांदीच नको. या मलमाने जखम भरायला उलट वेळ लागतो, साधं पॅराफिन गॉझ (पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी) पुरतं.

भाजल्याबरोबर टूथपेस्ट, शाई, हळद नको. २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बर्फ नाही.

संसर्गाची लक्षणं नसताना 'सेफ्टी म्हणून' अँटिबायोटिक नको, धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

एमआरआयआधी चांदीची शीट काढा. त्वचेवर करडा डाग राहिला तर घासू नका.