बेर्गामो एका दिवसात नीट कसं बघायचं, एका ठाणेकराकडून

आपल्याकडचे बरेच जण इटलीतलं बेर्गामो फक्त एअरपोर्टसाठी ओळखतात, स्वस्त फ्लाइट तिथे उतरते, तिथून बस पकडून मिलान, आणि गाव राहून जातं, मला याचं खरंच वाईट वाटतं.

जायच्या आधी घरी मॅपवर टेरेन व्ह्यू लावून बघा. उत्तरेला आल्प्सच्या पायथ्याचे डोंगर, त्यातून ब्रेम्बो आणि सेरिओ या दोन नद्या खाली येतात, दक्षिणेला पो नदीचं सपाट मैदान, आणि मध्ये टेकडीवर जुनं गाव. मागे येऊरचे डोंगर आणि पुढे खाडी बघत वाढलेल्या माणसाला ही जागा का निवडली ते वेगळं सांगायला नको.

मिलानहून ट्रेनने साधारण तासाभरात पोचता. स्टेशनबाहेर आलात की समोर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला वरचं गाव दिसतं, म्हणून शक्यतो चालतच जा. वर चढायला फ्युनिक्युलर आहे, दोरीने ओढली जाणारी छोटी रेल्वे, १८८७ पासूनची.

वर गेल्यावर सगळे चौकात बसून जिलाटो खातात, तुम्हीही खा, पण आधी तटबंदीवर जा, कारण गावाची खरी गोष्ट तिथे आहे. १४२८ ते १७९७ बेर्गामो व्हेनिसच्या ताब्यात होतं, आणि पश्चिमेला लागूनच मिलानचा मुलूख, जो सोळाव्या शतकात स्पेनकडे गेला. म्हणजे हे सरहद्दीचं ठाणं. म्हणून १५६१ मध्ये व्हेनिसने तट बांधायला घेतला, ६ किलोमीटरपेक्षा जास्त लांब, आणि त्यासाठी शेकडो घरं आणि चक्क एक जुनं कॅथेड्रलही पाडलं. नंतर या तटाला कधी वेढाच पडला नाही, म्हणून तो इतका धडधाकट राहिला, २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीतही आला. घोडबंदरच्या किल्ल्याचे अवशेष बघितलेल्या माणसाला हा अखंड तट बघून आत कुठेतरी हलतं.

आता दरवाजे. चार आहेत, प्रत्येकाचं तोंड कुठल्या रस्त्याकडे आहे ते बघत चाला. सान्त आगोस्तीनो व्हेनिसकडचा. सान लोरेन्झो डोंगरातल्या खोऱ्यांकडचा, १५९० च्या दशकात व्हेनिसने ब्रेम्बोच्या खोऱ्यातून खिंड ओलांडून थेट आताच्या स्वित्झर्लंडकडे रस्ता काढला, म्हणजे व्यापाराला स्पेनच्या हद्दीत शिरायलाच नको. सान जाकोमो पांढऱ्या-गुलाबी दगडाचा, सगळ्यात देखणा, खालचं गाव आणि मैदान इथून पायाशी पसरलेलं दिसतं, उतरताना फ्युनिक्युलर सोडा आणि इथूनच पायी या.

वेळ उरला तर व्हेनिसचा सेनापती कोल्लेओनी याची चॅपेल आणि दोनिझेत्तीचं जन्मघर बघा, ऑपेरा लिहिणारा तो संगीतकार इथलाच, जन्म १७९७, म्हणजे व्हेनिसची सत्ता संपली त्याच वर्षी.

मुक्काम मात्र कराच, खालच्या गावात रूम घ्या. रात्री १० वाजता वरच्या चौकातला घंटाघर १०० टोले देतो, पूर्वी तेव्हा दरवाजे बंद व्हायचे. दहाला पाच कमी असताना चौकात पोचा.