चीनच्या लष्करी वाढीची बातमी कशी वाचावी

चीनने नवी युद्धनौका पाण्यात उतरवली किंवा संरक्षण खर्च वाढवला, की आपल्याकडे एक तर घबराट पसरते, नाहीतर ‘यात नवीन ते काय’ म्हणून विषय मोडीत काढला जातो. दोन्ही प्रतिक्रिया घातक आहेत, कारण ज्यांच्या सीमा आणि सागरी हद्दी चीनला लागून आहेत त्या देशांच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न आहे आणि तो नीट समजून घेण्याची थोडी शिस्त प्रत्येक वाचकाला लावून घेता येते.

सुरुवात पैशापासून करावी. दरवर्षी मार्चमध्ये बीजिंगमधील नॅशनल पीपल्स काँग्रेसच्या, म्हणजे चीनच्या संसदेच्या अधिवेशनात संरक्षण तरतूद जाहीर होते. २०२४ साठी ती सुमारे १.६७ लाख कोटी युआन, म्हणजे अंदाजे २३,००० कोटी डॉलर होती. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संशोधन संस्थेने मात्र त्याच वर्षाचा खर्च सुमारे ३१,४०० कोटी डॉलर धरला. निमलष्करी दले, संशोधन असे काही खर्च अधिकृत आकड्याबाहेर राहतात, म्हणून हा फरक पडतो. तेव्हा आकडा कोणी दिला आणि त्यात काय धरले आहे, हे पाहिल्याशिवाय दोन देशांची तुलना करू नये.

जहाजांच्या संख्येबाबतही हीच सावधगिरी हवी. संख्येने चीनचे नौदल आज जगात सर्वांत मोठे आहे, पण एकूण वजनाच्या हिशेबात अमेरिकेचे नौदल पुढे आहे आणि १९७९ मधील व्हिएतनामविरुद्धच्या युद्धानंतर चीनने पूर्ण स्वरूपाचे युद्ध लढलेले नाही.

माझ्या मते खरा उलगडा नकाशावर होतो. दक्षिण चीन समुद्रातील फायरी क्रॉस हे प्रवाळक्षेत्र भरतीच्या वेळी जवळजवळ सगळेच पाण्याखाली जात असे. २०१४ पासून चीनने तिथे वाळूचा भराव टाकला आणि आज तिथे सुमारे ३,००० मीटर लांबीची धावपट्टी आहे. चीनच्या हैनान बेटापासून हे ठिकाण हजारेक किलोमीटर दक्षिणेला आहे. म्हणजे जे विमान पूर्वी इतके अंतर कापून येऊन लगेच परतले असते, त्याला आता तिथेच उतरता येते. म्हणून शस्त्रे किती आहेत यापेक्षा ती कुठवर पोहोचतात आणि तिथे किती दिवस टिकू शकतात, हे आधी विचारावे.

गोळी न झाडता होणाऱ्या बदलांकडे विशेष लक्ष द्यावे. याच समुद्रातील सेकंड थॉमस शोल या उथळ प्रवाळक्षेत्रावर फिलिपिन्सने १९९९ मध्ये ‘सिएरा माद्रे’ हे दुसऱ्या महायुद्धातील जहाज मुद्दाम रुतवून ठेवले. गंजलेल्या त्या जहाजावर आजही मूठभर सैनिक राहतात आणि त्यांच्यासाठी रसद नेणाऱ्या बोटींवर चिनी तटरक्षक दलाने अनेकदा पाण्याचा जोरदार मारा केला आहे. हे युद्ध नव्हे, पण शांतताही नव्हे. आणि या समुद्रावरील दाव्यांबाबत २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने दिलेला निर्णय चीनने नाकारला, हे विसरून ही बातमी वाचता येत नाही.

मग शेजाऱ्यांच्या हालचाली पाहाव्यात. जपानने २०२२ च्या अखेरीस संरक्षण खर्च २०२७ पर्यंत जीडीपीच्या २ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. फिलिपिन्सने त्याच वर्षी भारताकडून ब्राह्मोस क्षेपणास्त्रे घेण्याचा करार केला. बीजिंगला यात आपली कोंडी दिसते आणि त्यातून पुढची तयारी सुरू होते. एकाचा बचाव दुसऱ्याला धोका वाटतो, ही या प्रदेशाची सर्वांत अवघड गाठ आहे.

भारत-चीन सीमेची बातमी वाचताना ‘माघार’ हा शब्द तपासूनच घ्यावा. गलवानमध्ये जून २०२० मध्ये आपले २० जवान हुतात्मा झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधील देप्सांग आणि देमचोकबाबत समझोता झाला. पण समोरासमोर उभ्या तुकड्या मागे घेणे वेगळे आणि २०२० नंतर सीमेजवळ आणलेले जादा सैन्य मूळ तळांवर परत पाठवणे वेगळे. बातमी यांपैकी नेमक्या कशाबद्दल आहे हे शोधावे आणि त्याच पट्ट्यात रस्ते, धावपट्ट्या, हिवाळ्यात राहण्यायोग्य बराकी वाढत आहेत का, हेही पडताळावे.