एचआयव्हीची गोळी: घ्यायची कशी, चुकतं कुठे

सांगली-साताऱ्याच्या सिव्हिलमधल्या एआरटी सेंटरमध्ये (जिथे एचआयव्हीचं औषध मिळतं) आज बहुतेक मोठ्या माणसांना एकच गोळी मिळते, टीएलडी. तिच्यात टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोलुटेग्राविर ५० मिग्रॅ असतं. पहिली दोन औषधं विषाणूला स्वतःची डीएनए प्रत बनवू देत नाहीत, तिसरं ती प्रत आपल्या पेशीच्या जनुकांत शिरू देत नाही. पेशींत आधीच दडून बसलेला विषाणू मात्र मरत नाही, म्हणून गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. सरकारी सेंटरमध्ये २००४ पासून हे औषध मोफत आहे. २०१७ पासून सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कितीही असला तरी उपचार सुरू करतात, त्याआधी टीबीची लक्षणं तपासतात.

रोज एक, ठरलेल्या वेळी. पोट भरलेलं असो वा रिकामं, फरक पडत नाही. त्यामुळे एकादशीला किंवा रोजाला गोळी टाळायचं कारण नाही. झोप उडत असेल तर रात्रीची वेळ बदलून सकाळची करा. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. पण पुढच्या गोळीला चार तासही उरले नसतील तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम नकोत. महिन्याच्या ३० गोळ्यांतल्या दोन चुकल्या तर नियमितपणा ९३ टक्क्यांवर येतो, आणि सेंटरला तो ९५ च्या वर हवा असतो. औषध रक्तात कमी पडलं की विषाणू त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकतो. मग औषधांची पुढची फळी लागते, ती इतकी सुटसुटीत नसते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दुसऱ्या औषधांमुळे, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. लोह, कॅल्शियम, पित्तावरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची पातळ औषधं डोलुटेग्राविरला चिकटतात आणि ते अंगात शोषलं जात नाही. टीएलडी आधी घ्या, ही औषधं दोन तासांनी. किंवा ती आधी घेतली तर टीएलडी सहा तासांनी. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतात, तेव्हा हे वेळापत्रक नर्सताईंकडून लिहूनच घ्या. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राविरची ५० मिग्रॅची जादा गोळी बारा तासांनी लागते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची मात्रा दिवसाला १००० मिग्रॅच्या वर जाऊ देऊ नका. वैदूची भस्मं, काढे घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

कुणाला कळू नये म्हणून लेबल खरवडून गोळ्या दुसऱ्या डबीत भरतात. भीती समजण्यासारखी आहे, पण मुदत कळत नाही आणि पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात गोळ्या ओल धरतात. मूळ बाटली, आतल्या ओल शोषणाऱ्या पुडीसकट, कपाटात कुलुपात ठेवा.

विटा-आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे कारागीर, गावाबाहेर महिनोन् महिने राहतात. निघण्याआधी सेंटरला सांगून जास्त महिन्यांचा साठा किंवा तिकडच्या सेंटरची बदली चिठ्ठी घ्या. औषध संपल्यावर फोन करण्यात अर्थ नाही. यकृताची कावीळ ब (हिपॅटायटिस बी) असेल तर अचानक बंद करणं दुहेरी धोक्याचं: टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन तिलाही आवरून धरतात, थांबवलं की ती उसळते. टेनोफोविरसाठी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणीही करत राहायचं.

उपचार लागू पडतोय का, हे वजनावरून नव्हे, व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमधल्या विषाणूंच्या आकड्यावरून कळतं: सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्याला, पुढे दरवर्षी. तो २०० च्या खाली टिकून राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न झालेल्या जोडप्यांना हे मोकळेपणानं सांगायला हवं, अजूनही बरेच जण मनात धास्ती घेऊन जगतात.

लागण नसलेल्या पण धोका असलेल्या माणसासाठी प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध असतं: टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन किंवा लॅमिव्हुडिन, रोज एक. सुरू करण्याआधी चाचणी निगेटिव्ह हवीच आणि पुढे दर तीन महिन्यांनी पुन्हा करायची. लागण असताना नुसती दोन औषधं घेतली तर विषाणू त्यांना दाद देईनासा होतो.

सुई टोचली, कंडोम फाटला, बळजबरी झाली, तर पेप, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या. जखम साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका. पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सिव्हिलचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो, सकाळची ओपीडी उजाडण्याची वाट पाहू नका. गोळ्या पूर्ण २८ दिवस घ्यायच्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करायची. काही अडलं तर १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे.