हेडफोनवाला रेडिओ घेताय? आधी मान वळवायला शिका

हेडफोनमध्येच रेडिओ असतो तो सेट, म्हणजे मोबाइल नको, वायर नको, खिशात डबी नको, सगळं कानावर. आमच्याकडे इंदूरला हा आईसाठी आला, कारण ओट्यावरचा रेडिओ ती मिक्सरच्या वर ऐकू यावा म्हणून इतका मोठा लावायची की अख्ख्या गल्लीला फुकटात गाणी. आता दोन वर्षं झाली वापरून, तर जे डोकं फोडून कळलं ते लिहितो.

पहिली गोष्ट अँटेनाची. मोबाइलच्या एफएमला इअरफोन खोचल्याशिवाय स्टेशन लागत नाही हे सगळ्यांना माहितीये, कारण ती वायरच अँटेना असते. एफएमची लाट साधारण ३ मीटरची, तिच्या पावपट म्हणजे पाऊण मीटर तार मिळाली की रेडिओ खूश. आता डोक्यावरच्या पट्टीत पाऊण मीटर तार कुठून आणणार? म्हणून आत छोटीशी तार गुंडाळलेली असते, नाहीतर वर एक काडी येते (आमची पोरं आजीला एलियन म्हणतात), आणि पकड कमी ती कमीच. त्यामुळे उभं कुठं राहायचं हे महत्त्वाचं. आई गॅसकडे तोंड करून पोळ्या लाटत असली की गाणं साफ, फ्रिजकडे वळली की खर्रर्र. सेट बिघडलाय म्हणून ती दोनदा माझ्यावर चिडली पण! बिघडलेलं काही नसतं, सरळ आलेली लाट आणि भिंतीवरनं परत आलेली लाट काही जागी एकमेकींना मारतात. एक-दोन फूट सरका, काम होतं. हे एकदा अंगवळणी पडलं की निम्म्या तक्रारी संपतात.

स्टेशनं भरायची, म्हणजे ऑटो स्कॅन, ते खोलीत कधीच करू नका, गच्चीवर जाऊन करा. खाली स्कॅन केलं तर दोन-तीनच सापडतात आणि मग आपण म्हणतो सेट भंगार आहे. वर ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३ आणि विविध भारतीचं १०१.६ अशी रांगेनी लागली पाहिजेत. ब्लूटूथ हेडफोनमध्ये एफएम पण असलेले स्वस्तातले सेट मिळतात, त्यातल्या काहींमध्ये ऑक्सची वायर (मोबाइल-हेडफोन जोडायची साधी वायर) नुसती खोचून लोंबकळत ठेवली तर तीच अँटेनाचं काम करते, काहींमध्ये मात्र वायर खोचली की रेडिओच बंद पडतो, तेव्हा दुकानातच बघून घ्या. आणि मोनो-स्टिरिओचं बटण असलं तर बिनधास्त मोनोवर टाका. सिग्नल कच्चा असला की स्टिरिओमध्ये सूंऽऽ आवाज येतो, मोनोत तो बराच बसतो, आणि बातम्या ऐकायला स्टिरिओ हवाय कुणाला.

आता खरा घोळ सांगतो. आईचा पहिला सेट माझ्या भाच्यानी अमेरिकेतून आणलेला, दिसायला एकदम झकास, सगळी स्टेशनं लागली पण १०१.६ काही लागेना. आईला हवं तेवढंच नेमकं नाही! १०१.५ नाहीतर १०१.७, आणि तिथे लताबाईंचा स पण फस्स करत फाटलेला. मी आठवडाभर सेटला शिव्या घातल्या. मग कळलं की तिकडे एफएमची स्टेशनं विषम दशांशावरच असतात, ९८.३, ९३.५ अशी, म्हणून तो सेट ०.२ च्या उड्या मारतो आणि १०१.६ वर पाय ठेवतच नाही. मीडियम वेव्हचं (जुन्या ट्रान्झिस्टरवरचा एएम पट्टा) पण तेच, तिकडे १० किलोहर्ट्झची पायरी, आपल्याकडे ९ ची. आकाशवाणी इंदूरचा जुना नंबर ६४८, म्हणजे ९ गुणिले ७२, तो १० च्या पायरीत कसा येणार, ६४० नाहीतर ६५०. तेव्हा बाहेरून मागवताय तर आधी पायरी बदलता येते का ते बघा. काही सेटला बॅटरीच्या कप्प्यात ९/१० चा बारीक खटका असतो, काहींमध्ये मेन्यूत देश निवडायचा असतो. आमच्यात दोन्ही नव्हतं, म्हणून मग जेल रोडला जाऊन चाकाचा साधा डायलवाला घेतला. डायलला पायरीच नसते, हवं तिथे थांबा.

मीडियम वेव्ह असलेला सेट मिळाला तर मजा वेगळी. त्यात फेराइटची (लोहचुंबकासारख्या मालाची) काळी कांडी असते, तीच त्याची अँटेना, तिच्या टोकाच्या दिशेला स्टेशन आलं की आवाज बसतो, आडवी आली की उठतो. सेट डोक्यावर, म्हणजे ट्यूनिंग मानेनी! आकाशात खूप उंचावर विद्युतभारित थर असतात, त्यातला दिवसा लाटा गिळणारा खालचा थर रात्री विरतो, म्हणून लांबची स्टेशनं वरच्या थरावरून परावर्तित होऊन येतात. आमच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर गच्चीत ५५८ वर मुंबई घरघरत का होईना लागायची, आणि इंदूरात बसून मराठी बातम्या ऐकताना आजोबा कुणाला बोलू द्यायचे नाहीत. घरात मात्र खरखर आली तर आधी एलईडी बल्ब आणि मोबाइलचा चार्जर बंद करून बघा, दहात आठ वेळा तेच चोर.

सेलवाला सेट असेल तर महिनाभर वापरणार नसाल तेव्हा सेल काढून ठेवा. मी नाही काढले, पांढरी पूड जमली. कापसाच्या काडीला थोडा लिंबाचा रस लावून पत्र्या घासल्या, मग कोरड्या पुसल्या, सेट वाचला. आवाजाचं चाक फिरवताना चर्र करत असेल तर सेट बंद करून चाक वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा, धूळ सुटते. आणि स्कूटरवर हे घालून निघू नका हो, पलासियाच्या चौकात हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

उरला घाम. मे महिन्यात कानाच्या गाद्या चिकचिकतात आणि वर्षभरात त्यांचं काळं साल निघून केसांत अडकतं. आईनी जुन्या बनियनच्या दोन गोल चकत्या कापून, कडेला इलास्टिक घालून खोळी शिवल्यात, रविवारी त्या कपड्यांबरोबर धुवायला पडतात.