लहान मुलाच्या कानाच्या मशीनसाठी मोल्डचं माप द्यायचंय? आधी ही तयारी करा

बेरा, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी झाली, रिपोर्ट आला, मशीन कुठलं घ्यायचं तेही ठरलं, इथपर्यंत तुम्ही आलाय असं धरून चालते. कानात मळ असेल तर ईएनटीकडून काढून घ्या, घरी बड घालू नका. पैशाची अडचण असेल तर विकत घ्यायच्या आधी मशीनसाठी मदत देणाऱ्या एडिप या सरकारी योजनेची चौकशी करा, मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला ‘अली यावर जंग’ या श्रवणदोषाच्या राष्ट्रीय संस्थेत ती करता येते.

आता खरं अडतं ते कानाचं माप देताना. मशीन कानामागे बसतं, पण आवाज कानात नेतो तो मोल्ड, आणि तो ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाने बनवतात. त्यासाठी आधी दोरा बांधलेला बारीकसा स्पंज कानात सरकवतात, मग सिरिंजने मऊ मटेरियल भरतात, ते चारपाच मिनिटांत घट्ट झालं की काढतात. दुखत नाही. पण गार लागतं, कान गच्च होतो आणि जे थोडंफार ऐकू येत असतं तेही बंद होतं.

यावर जो तो सांगतो, मुलाला नीट समजावून सांगा. अहो, ज्याला ऐकू येत नाही म्हणून मशीन लावतोय त्याला सांगणार कसं? आमचा मुलगा तेव्हा सव्वादोन वर्षांचा, आम्ही गोड गोड बोलत राहिलो आणि शेवटी तिघांनी दाबून धरला, एक हात मीच धरला होता. रडताना जबडा हलतो, जबड्याबरोबर कानाची नळीही हलते, त्यामुळे माप चुकलं, मोल्ड सैल झाला आणि मशीन सारखं शिट्टी मारायचं. त्यानंतर महिनाभर तो कानाजवळ कंगवाही येऊ देत नव्हता. म्हणून सांगते, दाबून धरू नका, आणि बोलून नाही तर दाखवून तयारी करा.

चारपाच दिवस आधी सुरू करा. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणून आंघोळीच्या वेळी हातात द्या, झाडांवर पाणी उडवू दे, म्हणजे ती बघून इंजेक्शन आठवत नाही. पोळ्या करताना कणकेच्या गोळ्यात त्याचं बोट दाबा, काढा, उमटलेला ठसा दाखवा. पण कणीक किंवा क्ले कानाजवळ अजिबात नेऊ नका, अगदी टेडीच्या कानालाही लावून दाखवू नका, मुलं नंतर स्वतःच्या कानात घालतात. रोज झोपताना समोरून, त्याला दिसेल असा हात नेऊन कानाची पाळी चोळा, मग तळव्याने कान झाकून त्याच्यासमोर दुसऱ्या हाताचं एकेक बोट मिटा, पाचही मिटली की हात काढा. हे संपतं हे त्याला कळायला हवं, बाकी सगळं नंतर.

त्या दिवशी झोप झालेली, पोट भरलेलं हवं. माप घेणाऱ्या ऑडिओलॉजिस्टना आधीच विनंती करा की थोडं मटेरियल त्याच्या तळहातावर ठेवा आणि स्पंज, सिरिंज आधी आईच्या कानाजवळ धरून दाखवा. मांडीवर पाठमोरा घ्या, एक हात कपाळावर, दुसरा त्याच्या हातांवरून, म्हणजे मिठी मारल्यासारखं. मोबाईलवर चित्रं चालतील, बिस्किट चॉकलेट नको, चघळलं की तोच जबड्याचा प्रॉब्लेम. अगदी तान्हं बाळ असेल तर दूध पाजून झोपल्यावर माप घ्या, पिताना नाही. एका कानाला फारच रडला तर सरळ घरी या, दुसरा कान दोन दिवसांनी. मात्र दोन दिवसांचे दोन महिने करू नका, बोलणं शिकायचे दिवस हेच असतात.

मशीन लावायचा दिवस त्यामानाने सोपा. मऊ सिलिकॉनचा मोल्ड, बॅटरीच्या झाकणाला लॉक आणि कपड्याला अडकवायची दोरी मागून घ्या. घरी पहिल्यांदा लावताना मिक्सर टीव्ही बंद ठेवा. बॅटरी मुलाच्या हाती लागता कामा नये, गिळली अशी शंका जरी आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

कान वाढतो, त्यामुळे लहानपणी दर काही महिन्यांनी नवा मोल्ड लागतो, आमची आत्तापर्यंत आठ मापं झालीत. जुना मोल्ड टाकू नका. पुढच्या मापाच्या आदल्या दिवशी तो मुलाच्या हातात द्या, आमचा आता तो बघितला की स्वतःच कानाला हात लावून बोटं मिटायला लागतो.