गोव्यात रो हाऊस घेताय? या चुका टाळा

पर्वरीच्या रो हाऊसमध्ये आमचे बारा पावसाळे गेले. आता नात्यातलं कुणी तसं घर बघायला आलं की मी सोबत जातो आणि पहिल्यांदा एकच विचारतो: जमिनीचं काय?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. स्वतःचा जिना, दारात दोन माड, त्यामुळे जमीनही आपलीच असं वाटतं. पुष्कळदा विक्रीखतात तिचा नुसता अविभक्त हिस्सा, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक जमिनीतला न वाटलेला वाटा असतो आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा सरकारी उतारा) मूळ मालकाचंच नाव चालू असतं. बांधकाम जुनं होत जातं, भाव वाढतो तो जमिनीचा. म्हणून हिस्सा किती चौरस मीटर, गच्ची आणि बाग कुणाची, हे विक्रीखतात लिहून घ्या. सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद) आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (घर राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. ते नसेल तर पुढे तुमच्या गिऱ्हाइकाला बँक कर्ज देताना काचकूच करते.

विकणारा विवाहित असेल तर जोडीदाराचीही सही हवी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून इथे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची समाईक असते. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

दुसरी चूक हिशेबाची. बांधकाम चालू असलेलं ६० लाखांचं घर घेतलं तर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख वेगळे; पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो नाही. ५० लाख किंवा त्याहून जास्त किंमत असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा आयकर, किमतीतून कापून भरणं खरेदीदाराचं काम. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे आणखी निराळे.

आणि पाऊस. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो. आमच्या जिन्याच्या भिंतीला दुसऱ्याच वर्षी ओल आली. आम्ही दोनदा आतून वॉटरप्रूफिंग केलं, दोनदा रंग दिला, पैसे पाण्यात. तिसऱ्या पावसात उमगलं की पाणी दोन घरांच्या सांध्यातून, शेजाऱ्यांच्या गच्चीवरून उतरतंय.

तेव्हा आधी ओल ओळखा. बारा महिने राहते? मग नळ नाहीतर बाथरूम तपासा. पाऊस थांबल्यावर काही दिवसांत सुकते? मग गच्ची, सांधा किंवा बाहेरचा गिलावा. जमिनीपासून दोन-तीन फूट वर चढते? मग ती जोत्यातून येते. चिरा, म्हणजे भिंतीतला जांभा दगड, पाणी ओढतो, वरवरचा रंग तिथे टिकत नाही. सांध्याचं काम मात्र एकट्याने करून भागत नाही. आम्ही शेजाऱ्यांशी बोललो, खर्च अर्धा-अर्धा वाटला, दोन्ही बाजूंनी सांधा भरून वर पत्र्याची पट्टी बसवली. हे काम मार्च-एप्रिलातच उरका, मे उजाडला की गवंडी मिळत नाही.

पर्यटकांना भाड्याने देऊन हप्ते फेडायचा बेत असेल तर आधी पर्यटन खात्याकडे नोंदणी करा आणि सोसायटीचे नियम वाचा. वर्षभर खोल्या भरलेल्या राहतील असा हिशेब मांडू नका.

घर बघायला डिसेंबरात नको, जुलैत या. सामाईक भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढायला सांगा आणि मागे हात फिरवून बघा.